ते अजून येतात का?

गेल्या गुरुवारची गोष्ट. सकाळचे साडेसात-पावणेआठ झाले असतील, जेट्टीच्या खाली बायका पाट्या मांडून बसल्या होत्या, रात्री होड्या आल्या होत्या त्यामुळे बांगडा भरपूर होता आणि अगदी ताजा, पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेघा अजून ओल्या चमकत होत्या. मी त्यांच्यातल्या एकीकडूनच घेते. मुद्दाम तिच्याकडूनच घेते असं नाही खरं तर, पण तिच्यासमोरून पुढे जाऊन दुसरीकडून घेणं मला जमत नाही. तिने वाटा उचलून पिशवीत टाकला, मी दोनशेची नोट दिली, आणि सुटे परत देताना मान वर न करता, शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं, "ताई, ते अजून येतात का ओ तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "कोलंबी कशी दिलीस?"

कोलंबी तिच्याकडे नव्हतीच. पाटीत फक्त बांगडा होता, आणि ते आम्हा दोघींनाही दिसत होतं. ती काही बोलली नाही, दोन बांगडे आणखी उचलले आणि माझ्या पिशवीत टाकले. उचलताना तिच्या उजव्या तळहातावरची ती आडवी रेघ दिसली, आता ती पांढरी पडलीये, मिठाच्या पाण्यात सारखा हात असूनही नीट भरून आलीये. मी "अगं राहू दे" म्हटलं, तिने ऐकलं नाही, आणि फेरीबोटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दोन जास्तीच्या बांगड्यांचं काय करायचं हे मला कळत नाहीये. घरी नेऊन आईला दिले. आईने तिखलं केलं, त्रिफळं टाकून, नेहमीसारखं सुंदर झालं होतं आणि मला जेवता आलं नाही.

मी समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही, मानसशास्त्र शिकले आणि मुंबईत सात वर्षं काम करून बाबा गेल्यावर गावी परत आले. घराच्या पडवीला लागून एक खोली आहे तिथे लोक येतात आणि गुरुवारी धोपाव्याहून फेरीने दाभोळला उतरून पुढे दापोलीच्या बाजूला जाते, तिथे एका ओळखीच्यांनी खोली दिलीये. हे सगळं आता लिहितेय तर आधीच सांगून टाकते की या लेखातल्या त्या दोघांच्या सगळ्या खुणा मी बदलल्या आहेत. गाव, वय, घरात कोण कोण, महिने, कोण काय काम करतं, सगळं. इतकं बदललंय की त्यांनी स्वतः वाचलं तरी हे आपलंच आहे अशी खात्री त्यांना पटू नये. बदललेला नाही तो फक्त तिचा प्रश्न. तो मात्र जसाच्या तसा आहे कारण तो गेले आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तिचा नवरा पहिल्यांदा आला तो मे महिन्याच्या सुरुवातीला. ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, चाळिशीच्या अलीकडचा, हात नायलॉनच्या दोऱ्यांनी कापून कापून राठ झालेले. स्वतःहून आला, हे महत्त्वाचं आहे आणि पुढे त्याच्यामुळेच सगळं बिनसलं. कुणी धरून आणलेला नव्हता. "झोप नाय मॅडम," एवढंच म्हणाला. आमच्याकडे बहुतेक जण झोप नाही म्हणूनच येतात, नाहीतर छातीत धडधडतं म्हणून, नाहीतर भूक मेली म्हणून. आणि त्याआधी बहुतेक जण देवस्की करून आलेले असतात, कौल लावून झालेला असतो, कुणीतरी नारळ उतरवून टाकलेला असतो. यात मला काही वावगं वाटत नाही. माणूस आधी जवळच्या दाराशी जातो.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळलं की झोप न येण्याचं कारण बायको. तिचं बाहेर काहीतरी आहे असं त्याला वाटत होतं. वाटत होतं म्हणणं चूक आहे, त्याला खात्री होती. समुद्रात पाच-सहा दिवस गेलं की रेंज जाते, मग ती फोनवर कुणाशी बोलत असेल, घरी आल्यावर चहाचा कप दोनदा का विसळला, अंगणात पावलं कुणाची, ओटीवरची चटई सरकलेली का, असे पुरावे तो मला एकेक करून देत होता आणि प्रत्येक पुराव्यानंतर माझ्याकडे बघत होता, पटलं का म्हणून. संशयाचा हा जो भ्रम असतो ना तो साध्या संशयासारखा नसतो. साध्या संशयाला उत्तर देता येतं. याला जितकी उत्तरं द्याल तितका तो घट्ट होतो, आणि समोरचा उत्तर देतोय म्हणजे तोही सामील आहे अशी शंका येते. दारू असेल तर आणखी वाढतो, आणि दारू होती. मी त्याला चिपळूणच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी गोळ्या सुरू केल्या, काही दिवस घेतल्या, मग "त्यांनी अंग जड होतं" म्हणून सोडल्या, परत घेतल्या, असं चाललं होतं.

आणि मग एक जून आला. आपल्याकडे एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते हे मी काय सांगायचं, पण त्या एकसष्ट दिवसांत घराघरात काय चालतं ते मी इथे परत आल्यावर बघायला शिकले. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या, पैसे सिझनला मिळालेले संपत आलेले, बाहेर धो धो पाऊस, आणि एरवी महिन्यातले वीस दिवस पाण्यावर असणारा माणूस अचानक चोवीस तास घरात. काही जण जाळी विणतात, काही जण शेताला लागतात, आणि काही जण नुसते बसून राहतात आणि बघत राहतात. तो बघत राहायचा. तिने पदर कसा घेतला, मोबाइल पालथा का ठेवला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर इतका पाऊस होता की कौलांच्या आवाजात मला त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं म्हणून मी खुर्ची पुढे ओढली, तर तो म्हणाला की त्याने कोयता धार लावून आणलाय. गादीखाली ठेवलाय, तिच्या बाजूला. रात्री ती झोपली की तो उठून बसतो. "डोकं फिरलं ना मॅडम, की मग मी नसतंय," असं म्हणाला, शांतपणे, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगतोय. मी विचारायचं ते सगळं विचारलं. कधी, कसं, कुणाला, आधी कधी हात उचललाय का, त्या दिवशी प्यायलेला होतास का, मुलगी कुठे झोपते. हे प्रश्न पाठ असतात, आणि पाठ असतात म्हणूनच त्या वेळी विचारता येतात, नाहीतर तोंडातून आवाज फुटला नसता. उत्तरं सगळी वाईट होती. तो गेल्यावर मी उठले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोलता बोलता मी माझी खुर्ची पुढे नाही, दाराच्या दिशेला सरकवलेली होती. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, चहा ठेवू का गं.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी लिहिलेलं हे सगळं चुकीच्या कामाला येईल. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट त्यांनाच मार बसतो, घरात, रस्त्यात, कुठे कुठे तर साखळीसुद्धा. माझ्या खोलीत एवढ्या वर्षांत शेकडो माणसं आली आणि ज्याच्याबद्दल मला दुसऱ्याच्या जिवाची भीती वाटली अशी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातला हा एक. त्याच्यावरून बाकीच्यांबद्दल काही ठरवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

मुंबईत शिकताना आम्हाला तारासॉफ खटला अभ्यासाला होता. मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला असतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बंगालमधून गेलेला एक मुलगा, प्रोसेनजित पोद्दार, जहाजबांधणी शिकायला गेलेला, तातियाना तारासॉफ नावाच्या मुलीच्या मागे वेडा झाला आणि विद्यापीठाच्याच मानसोपचारकाला त्याने सांगितलं की मी तिला मारणार. मानसोपचारकाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला नेलं, बोलताना ठीक वाटला म्हणून सोडून दिलं, आणि वरिष्ठांनी पुढे काही करू नका म्हणून सांगितलं. ती मुलगी उन्हाळाभर ब्राझीलला होती. परत आली, आणि २७ ऑक्टोबर १९६९ ला त्याने तिला मारलं. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मग तिच्या आईवडलांनी दावा केला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे लोकांच्या जिवाचा धोका सुरू होतो तिथे गुप्ततेचं संरक्षण संपतं. आम्ही वर्गात यावर तावातावाने वाद घातला होता, मी गुप्ततेच्या बाजूने बोलले होते हे मला आठवतंय, की एकदा हे दार उघडलं तर कुणी खरं बोलायला येणारच नाही. टाळ्या पण मिळाल्या होत्या. त्या वयात मला पोद्दार दिसत होता, मानसोपचारक दिसत होता, न्यायाधीश दिसत होते. ब्राझीलहून बॅग घेऊन परत आलेली ती मुलगी मात्र मला त्या रात्री दिसली, पावसात, आमच्या पडवीत, आणि तिच्या डोक्यावर पाटी होती.

तो निकाल तिकडचा. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आणि त्याचं कलम २३ मी त्या रात्री टॉर्च लावून वाचलं कारण लाइट गेलेली होती. रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क. अपवाद आहेत, त्यातला एक असा की दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसा होऊ नये म्हणून माहिती देता येते. पण त्यातही एक अट आहे, तो धोका टळण्यासाठी जेवढी लागेल तेवढीच माहिती द्यायची. जेवढी लागेल तेवढीच. हे शब्द मी आधीही वाचले होते, परीक्षेत लिहिले होते. त्या रात्रीसुद्धा मी त्यांच्यावरून पुढे गेले, कारण माझं सगळं लक्ष सांगायचं की नाही यावर होतं. किती सांगायचं हा वेगळा प्रश्न आहे हे मला कळलंच नाही.

लहानपणी शिमग्याच्या वेळी देवळात गाऱ्हाणं घालायचे तेव्हा मी आजोबांच्या धोतराला धरून उभी असायची. एक जण मोठ्याने सांगायचा, बा देवा म्हाराजा, अमक्याच्या घरी पोर राहत नाय, तमक्याच्या पोराला दारूचा नाद लागला, अमक्याची सून माहेरी जाऊन बसली, आणि सगळे एका आवाजात, व्हय म्हाराजा. घरातलं सगळं बाहेर, सगळ्या गावासमोर, नावासकट. मला तेव्हा त्या आवाजाने अंगावर काटा यायचा आणि मजाही वाटायची. आता वाटतं की ज्या गावात दुःख असं चारचौघांत मोठ्याने मांडायची रीत आहे तिथे मी एक बंद दाराची खोली घेऊन आले आणि इथलं बाहेर जाणार नाही असं सांगत बसले. आणि लोक आले, कारण गाऱ्हाण्यात सांगता येत नाही असंही पुष्कळ असतं. पण गाऱ्हाण्यात एक होतं, ऐकलं की ते ओझं सगळ्यांचं व्हायचं. व्हय म्हाराजा म्हटलं की तूही त्यात आलास. माझ्या खोलीत व्हय म्हणणारी मी एकटीच.

पोलिसांकडे जायचा विचार केला नाही असं नाही. पण छोट्या गावात बातमी कशी फिरते हे सगळ्यांना माहिती आहे, संध्याकाळपर्यंत ती गुत्त्यावर पोचली असती, आणि तिथून त्याच्यापर्यंत, आणि ती घरात त्याच्यासोबत. मुंबईला माझ्या सरांना फोन केला, नाव गाव न सांगता सगळं सांगितलं. सर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तिला सांगावंच लागेल, पण त्याच्या पाठीमागे नको, आधी त्याला सांग की तू हे करणार आहेस. मी म्हटलं, सर, तो चिडला तर? ते म्हणाले, म्हणून खोलीत एकटी राहू नकोस. दुसऱ्या दिवशी चुलतभावाला पडवीत बसवून मी त्याला बोलावलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात. लहान मुलाला खेळता खेळता कुणी फसवलं की कसं होतं तसं काहीतरी. "मग मी तुमाला कशाला सांगितलं?" असं म्हणाला.

याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही मी इतक्या वेळा उलटेपालटे केलेत.

एक म्हणजे, मी विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही तो मोडताय. दुसरा म्हणजे, खरंच, मी तुम्हाला कशासाठी सांगितलं असेन? कुणीतरी थांबवावं म्हणूनच ना? मला दुसरा अर्थ फार आवडतो आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्या सोयीचा आहे तो. पहिल्या भेटीत मी त्याला अपवाद सांगितले होते, सांगावे लागतातच, पण कसे सांगितले होते? "आपल्यामधलं संभाषण गोपनीय राहील, केवळ आपल्या किंवा इतरांच्या जीविताला धोका संभवत असल्यास," असं पुस्तकी, भरभर, बसमध्ये तिकिटाच्या मागचे नियम असतात तसं. तो "हा हा" म्हणाला होता. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं आणि त्याला कळलं नाहीये हे मला कळलं होतं. आता मी असं सांगते, "तू कुणाचा जीव घ्यायचं बोललास, किंवा स्वतःचा, तर मी ते पोटात ठेवणार नाही, ज्याचा जीव आहे त्याला सांगणार." असं स्पष्ट सांगितल्यावर दोघं जण उठून गेले, परत आले नाहीत. ते दोघं कुठे आहेत कोण जाणे, त्यांची काळजी मला वाटत राहते. पण तेव्हाचं ते भरभर बोलणं, ते माझं चुकलं होतं, आणि त्याची किंमत त्याने दिली.

तो "सांगा" म्हणाला नाही, "नको" पण म्हणाला नाही. उठून गेला, छत्री विसरून.

त्याच दिवशी दुपारी ती आली. ओली चिंब, पायरीवर पदर पिळला, आत बसायला तयार नव्हती, जमीन ओली होईल म्हणून. मी सांगितलं. जे सांगायचं ते नीट सांगितलं असं मला तेव्हा वाटलं. तुमच्या जिवाला धोका आहे, कोयता गादीखाली आहे तुमच्या बाजूला, आज इथूनच मुलीला घेऊन माहेरी जा. तिचं माहेर खाडीच्या पलीकडे. अशा आजारात दोघांच्या मध्ये अंतर पडणं हाच पुष्कळदा पहिला उपाय असतो, गोळ्यांच्याही आधी. ती नुसती ऐकत होती, चेहरा दगडासारखा, आणि मला तो चेहरा सहन होईना. मला वाटलं मी हिच्या नवऱ्याला राक्षस करून हिच्यासमोर उभा केलाय. वाटलं काहीतरी मऊ सांगावं. म्हणून मी म्हटलं, "ते वाईट नाहीयेत हो. स्वतःहून आले माझ्याकडे. त्यांना स्वतःचीच भीती वाटते."

आणि तिचा चेहरा बदलला. इतका बदलला की मला आधी बरं वाटलं.

"म्हंजे त्यांना कळतंय?" ती म्हणाली. "स्वतः आले? कुणी आणलं नाय?" तिने ते दोन-तीनदा विचारलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "मग सुधारतील ओ. कळतंय म्हंजे सुधारतील. अशा वेळी मी सोडून कशी जाऊ?" मी खूप समजावलं. कळणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आजार आहे, उपचार होऊ देत मग या परत. ती ऐकत होती पण ती आता माझ्याकडे बघत नव्हती, तिला काहीतरी मिळालं होतं, आणि ते मीच दिलं होतं. कोयता ती त्याच दिवशी माळ्यावर टाकणार म्हणाली. मी निदान एवढं करून घेतलं की फोन चार्ज ठेवायचा, मुलीला रात्री चुलत्यांकडे झोपवायचं, मागच्या दाराची कडी सैल ठेवायची, आणि काही वाटलं तर विचार न करता ११२. त्याच्या भावालाही तिच्या संमतीने बोलावून सांगितलं. पण ती घरीच राहिली.

अकरा दिवस राहिली. बाराव्या रात्री तो प्यायलेला होता आणि कोयता नव्हता तर विळी होती. तळहातावर सहा टाके. तिने पातं धरलं होतं, हातानेच. मागच्या दाराने बाहेर पडली, कडी सैल होती म्हणून पडता आलं, पावसात शेजाऱ्यांकडे. पुढचं मी थोडक्यात सांगते कारण ते सांगण्यासारखं नाही. भावाने अर्ज केला, कायद्याप्रमाणे दोघांनी वेगवेगळं तपासलं, त्यातले एक मनोविकारतज्ज्ञ, आणि त्याला भरती केलं. अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांची असते. त्याला उपचार मिळाले, नारळी पौर्णिमेच्या आसपास तो बाहेर आला. तक्रारीचं काय केलं हा तिचा निर्णय होता आणि त्यावर मी काही लिहीत नाही. ती आता मुलीला घेऊन माहेरी असते, पहिल्या फेरीने पाटी घेऊन अलीकडे येते.

मी त्या वाक्याबद्दल सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तू तिला धीर द्यायला बोललीस. मी म्हटलं, नाही सर, मी मला धीर द्यायला बोलले. तिचा दगडासारखा चेहरा मला बघवला नाही म्हणून. तो स्वतःहून आला ही गोष्ट त्याची होती. सगळ्यात आतली, सगळ्यात नाजूक गोष्ट होती ती, कोयत्यापेक्षाही. कोयता तिला सांगणं भाग होतं. हे भाग नव्हतं. त्याची गुप्तता मोडायचा अधिकार मला जेवढा होता त्याच्या पलीकडे मी एक पाऊल गेले, चांगल्या मनाने गेले, आणि नेमकं त्याच पावलाने ती तिथे अडकली. ती तशीही थांबली असती का? असेलही. बायका थांबतात, मुलगी असते, घर असतं, पावसात माहेरी जायची लाज असते. पण "कळतंय म्हंजे सुधारतील" हे वाक्य तिचं एकटीचं नव्हतं, अर्धं मी तिच्या तोंडात घातलं होतं. तिच्या हातावरची ती रेघ बघितली की मला विळी दिसत नाही, माझा आवाज ऐकू येतो. किती मऊ होता तो.

आणि आता ती विचारते, ते येतात का अजून.

तिने तसं म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं ते असं, तेव्हा सांगितलंत ना, मग आता सांगायला काय झालं. तिचं चूक नाहीये. तिच्या बाजूने बघितलं तर ते अगदी सरळ आहे, ज्याच्यामुळे तिच्या हाताला टाके पडले तो माणूस औषधात आहे की नाही हे तिला कळायला नको? ती परत जायचं की नाही ते यावरच ठरवत असणार. "येतात" म्हटलं तर ती जाईल, मला जवळजवळ खात्री आहे, पोरीला घेऊन, दिवाळीच्या आधीच. "येत नाहीत" म्हटलं तर कदाचित त्याला शोधायला जाईल. आणि मी गप्प राहिले तर तीही काहीतरी अर्थ लावणारच, गप्प राहण्यालाही अर्थ असतो, विशेषतः बाजारात, पाटीसमोर. आज समोर धोका उभा आहे असं मला दिसलं तर मी परत सांगेन, लगेच सांगेन, त्याबद्दल मनात जराही शंका नाही. पण हा प्रश्न त्यातला नाही. हा नुसता तो कसा आहे हे विचारणारा प्रश्न आहे. त्यात प्रेमही आहे, आणि तेच मला जास्त घाबरवतं.

रीतसर मार्ग एकच, त्याची परवानगी घेणं. तो येत असेल असं धरून चालू. तर त्याला विचारायचं, तुझ्या बायकोला सांगू का? पण हे विचारलं की त्याला कळणार की ती विचारते. अजून विचारते. पलीकडे माहेरी बसून त्याची चौकशी करते. हे त्याच्या हातात देणं म्हणजे पुन्हा तेच नाही का, या वेळी तिची आतली गोष्ट त्याला? तिनेही माझ्यावर विश्वास टाकूनच, मान वर न करता, हळू आवाजात विचारलं होतं. म्हणून मी काहीच केलं नाही. तो येतो की नाही हे मी इथेही लिहिणार नाही.

आठवडाभर मी तिला काय उत्तर द्यायचं ते ठरवत होते. फेरीत उभी राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, "हे मला सांगता येणार नाही, पण तुला परत जायचं वाटलं तर आधी माझ्याकडे ये, आपण बोलू," असं. हे बरं वाटतं, यात कुणाचं काही दिलं जात नाही. तेही परत परत म्हणून बघितलं की कुठे मऊ पडतंय का.

आज परत गुरुवार. बांगडा कमी होता, बायकाही कमी. मी तिच्या पाटीसमोर खाली बसले, उभ्याने बोलायचं नव्हतं मला, आणि ते वाक्य म्हटलं. जसं ठरवलं होतं तसंच, एक शब्द जास्त नाही. ती ऐकत होती. पाटीतल्या माशांवर पाणी शिंपडलं. मग वाटा केला, एकेक बांगडा मोजून पिशवीत टाकला, दहा, वर काही नाही. पैसे घेतले, सुटे माझ्या हातावर ठेवले. मी उठले नाही, वाटलं ती काहीतरी म्हणेल. खाडीत भोंगा झाला.

"जावा ताई," ती म्हणाली, "फेरी लागली."